मागील बाकी पुढे चालू

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडचा व्यापारी नवी वही घालतो. लाल कापडाच्या बांधणीची ती लांबट वही, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, दोन्ही बाजूंना ‘शुभ’ आणि ‘लाभ’, वर विड्याचे पान, सुपारी आणि एक नाणे, असा तो थाट घरातल्या मुलांना फार आवडतो. पण पूजा आटोपून फराळाची ताटे उचलली गेली की मुनीम जे काम हाती घेतो, ते मुलांच्या नजरेस पडत नाही. तो जुनी वही जवळ ओढतो आणि एकेका खात्याच्या तळाशी उरलेला आकडा नव्या वहीत उतरवतो. त्याच्यावर दोनच शब्द लिहितो, ‘मागील बाकी’. नवी वही कोरी असते ती पूजेपुरतीच.

सणासुदीच्या दिवसांत देण्याघेण्याचा विषय काढला म्हणून वाचकांनी कपाळाला आठी घालू नये. लक्ष्मीपूजनाच्या सणाला लक्ष्मीची ही दुसरी बाजू पाहणे अगदीच अप्रस्तुत नाही. शिवाय मला बोलायचे आहे ते रुपयांविषयी कमी आणि आठवणीविषयी अधिक. एखाद्याचे देणे थकले, पुढे ते फिटले किंवा तडजोडीने मिटले, तर त्या थकण्याची आठवण त्याच्या नावावर किती वर्षे ठेवावी?

आमचे नांदगाव पेठ अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. एका अंगाला कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या अंगाला कपाशी, तूर आणि सोयाबीन. येथे आता ‘त्याची पत गेली’ असे फारसे कोणी म्हणत नाही. ‘त्याचं सिबिल खराब झालं’ असे म्हणतात. सिबिल हे खरे तर २००० साली स्थापन झालेल्या एका कंपनीचे नाव. देशात अशा चार कंपन्या आहेत. पण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणावे, तसा कोणत्याही पतअहवालाला लोक सिबिल म्हणू लागले. बँका आपल्या ऋणकोंच्या हप्त्यांची हकीकत या कंपन्यांना कळवतात. कंपन्या ती नोंदवून ठेवतात आणि ३०० ते ९०० च्या दरम्यान माणसाला गुण देतात. शाळेतल्या गुणपत्रिकेची मला सवय आहे. पण ही गुणपत्रिका अशी की परीक्षा केव्हा झाली, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

अशीच एक गुणपत्रिका घेऊन एका विद्यार्थिनीचे वडील माझ्याकडे आले होते. सलग दोन वर्षे पीक गेले, कर्ज थकले, व्याज चढले. शेवटी बँकेनेच एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव ठेवला. त्यांनी बैलजोडी विकून ठरलेली रक्कम भरली आणि पावती जपून ठेवली. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी दुसऱ्या एका बँकेत अर्ज केला, तेव्हा अहवालात जुन्या कर्जापुढे ‘तडजोडीने मिटवले’ असा शेरा निघाला आणि अर्ज परत आला. ते मला म्हणाले, “ठरले तेवढे पैसे तं भरले म्या, गुरुजी. मंग हे अजून कायले लेहून ठेवलं?”

मी शाळेत इतिहास शिकवतो, बँकेचा व्यवहार शिकवत नाही. तरी हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. कारण आमच्या साऱ्या वऱ्हाड प्रांताच्या बाबतीत हाच प्रश्न एकदा उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर मिळण्यात दोन पिढ्या गेल्या होत्या.

वऱ्हाड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि निजामाचा दरबार कर्जात होता. हैदराबादेत पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. ती दरबाराला शेकडा २४-२५ दराने पैसे देई. १८२० साली चार्ल्स मेटकाफ तेथे रेसिडेंट होऊन आला, त्याने या व्यवहाराला हात घातला आणि १८२४ मध्ये ती पेढी बुडाली. पेढी बुडाली, पण दरबाराची कर्ज काढण्याची सवय बुडाली नाही. दिवाण चंदूलाल याच्या अमदानीत प्रांताचा महसूल सावकारांना लावून देण्याची रीत पडली. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईस नेणारी आणि खामगावास कापूस दाबण्याची यंत्रे बसवणारी पेस्तनजी ही पारशी पेढी. तिने दरबाराला दिलेल्या पैशांच्या फेडीसाठी १८४१ साली वऱ्हाडच्या महसुलाचा मोठा भाग तिच्याकडे लावून दिला गेला, आणि चारच वर्षांनी तिला तेथून जबरीने काढले. शेतात तिफण धरून चालणाऱ्या कुणब्याला आपले शेत कोणाच्या कर्जापायी कोणाकडे लागले आहे, याची गंधवार्ताही नसे.

सर्वांत मोठा धनको निघाला तो ईस्ट इंडिया कंपनी. हैदराबाद कंटिंजंट नावाची पलटण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, पण निजामाच्या खर्चाने ठेवलेली होती. एवढी मोठी फौज शांततेच्या काळात पोसण्याचे बंधन आपल्यावर आहे की नाही, याविषयीच दरबाराची तक्रार होती. तरी पगार थकत गेला, कंपनी तो आपल्या तिजोरीतून भरत गेली आणि निजामाच्या नावावर बाकी चढत गेली. १८५३ च्या सुमारास ती पन्नास लाखांच्या घरात पोचली. २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूरचा दुआब हे मुलूख पलटणीच्या खर्चासाठी आणि कर्जापोटी कंपनीच्या ताब्यात गेले. सत्ता निजामाची, वहिवाट इंग्रजांची. हिशेब दरसाल द्यायचा आणि खर्च वजा जाता उरेल ते निजामाला परत करायचे, असा करार होता. सोप्या मराठीत सांगायचे तर आमचा प्रांत ताबेगहाण पडला.

पुढे १८५७ चा उठाव झाला. त्यात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला आणि त्याचे बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० च्या तहाने ते पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले. नळदुर्ग आणि रायचूरचा दुआबही परत मिळाला. वऱ्हाड मात्र मिळाले नाही. पलटणीच्या खर्चाची हमी म्हणून ते इंग्रजांकडेच राहिले, आणि हिशेब मागण्याचा हक्कसुद्धा निजामाने या तहात सोडून दिला. १८५३ ते १८६०, सात वर्षांत कर्ज कागदावरून गेले. तारण मात्र जागचे हलले नाही.

इतिहासाच्या तासाला येथवर आलो की वर्गातला एखादा मुलगा हमखास विचारतो, “गुरुजी, कर्ज माफ झाले तर वऱ्हाड परत का नाही दिले?” मुलांना सरळ हिशेब कळतो, ही त्यांची थोरवी. मोठ्यांचा हिशेब निराळा असतो. तारण ज्याच्या हाती असते त्याला ते परत करण्याची घाई नसते. आणि तारणाचे मोल वाढले तर मुळीच नसते. तहानंतर चारच महिन्यांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडकला, लँकशायरच्या गिरण्या कपाशीसाठी हिंदुस्थानकडे पाहू लागल्या, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा भाव वधारला. १८६७ साली वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. असा मुलूख कोण परत करील?

दिवाण सर सालारजंग यांनी पुढच्या दशकात पुष्कळ खटपट केली. पलटणीच्या खर्चासाठी रोख रक्कम ठेव म्हणून देतो, प्रांत मोकळा करा, अशी त्यांची मागणी होती. १८७६ साली ते विलायतेलाही जाऊन आले. उपयोग झाला नाही. शेवटी ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत करार झाला आणि वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेले. पुढल्या वर्षी ते मध्यप्रांताला जोडले गेले. १९३६ साली निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. प्रांत नाही, नुसती पदवी. अखेर १९५० साली प्रजासत्ताक आले तेव्हा निजामाची ती नाममात्र सत्ताही इतिहासजमा झाली.

यातून निजामाविषयी कळवळा उत्पन्न व्हावा, असा माझा हेतू नाही. मक्तेदारांनी पिळलेल्या वऱ्हाडच्या रयतेला त्याच्या अमलात सुख होते, असे कोणी म्हणणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की देणे मिटणे आणि देण्याची खूण मिटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला रक्कम लागते. दुसरीला तारीख लागते, आणि ती तारीख करारात लिहिलेली नसेल तर धनकोच्या मर्जीवर राहते.

राजेरजवाड्यांचे सोडा, साध्या संसारी माणसाच्या देण्याला आपल्या परंपरेने काही मुदत घातली होती का? घातली होती, आणि ती वर्षांत मोजलेली नव्हती, पिढ्यांत मोजलेली होती. बृहस्पतिस्मृतीचा दंडक असा, की बापाचे ऋण मुलाने व्याजासह फेडावे, नातवाने नुसते मुद्दल फेडावे आणि पणतूने काहीच देऊ नये. जुगार, मद्यपान अशा व्यसनांपायी बापाने केलेले ऋण मुलावर येत नाही, असाही अपवाद होता. याच्या जोडीला दामदुपटीचा नियम: एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. कठोर वाटतात हे नियम, पण त्यांत एक शहाणपण आहे. ऋण कोठे तरी संपले पाहिजे, हे त्यांनी मानले होते. नातवाच्या दारी येईपर्यंत व्याज गळून पडावे आणि पणतूच्या दारी येईपर्यंत नावही पुसले जावे, अशी ती उतरती भांजणी होती.

वाचकांना नवल वाटेल, पण मुलानातवांवरचे हे धर्मऋण अगदी काल-परवापर्यंत आपल्या न्यायालयांत चालत होते. इंग्रजी न्यायाधीशांनी त्याला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरते बांधून घेतले आणि आपल्या निवाड्यांत पणतूलाही त्यात ओढले. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली जी दुरुस्ती झाली, ती मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे. केवळ धर्मऋणाच्या आधारावर मुलाकडे, नातवाकडे किंवा पणतूकडे वाडवडिलांचे नवे कर्ज मागता येणार नाही, असे ते सांगते. मुलींना वाटा मिळाला आणि मुलांच्या मानेवरचे एक जुने जू उतरले, ही दोन्ही कामे एकाच कागदाने झाली; पण दुसऱ्याची चर्चा कोणी केली नाही.

इतक्या पिढ्या कशाला, सरळ तीन वर्षांची मुदत घालावी आणि मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. इंग्रज सरकारला १८५९ साली तसेच वाटले. त्या प्रयोगाचे फळ पाहण्यासाठी वऱ्हाडातून निघून पुणे-नगरकडे जावे लागते.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने असे ठरवले, की साध्या खतावरच्या कर्जाची फिर्याद तीन वर्षांच्या आत लावावी आणि नोंदलेल्या खतावरची सहा वर्षांच्या आत. त्यानंतर न्यायालयाचा दरवाजा बंद. हेतू चांगला होता. जुनी, किडकी खते उकरून काढून कोणी गरिबाला छळू नये. पण सावकाराने त्यावर साधा उपाय शोधला. तिसरे वर्ष संपत आले की तो कुळाला बोलावी आणि म्हणे, नवे खत लिहून दे, नाहीतर फिर्याद लावतो. कुळाच्या हातात पैसा नसे. तो अंगठा उठवी. जुने मुद्दल आणि त्यावरचे व्याज मिळून नव्या खतात मुद्दल होई, आणि मुदतीचे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू होई.

याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा असा आहे. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांचे व्याज ७२. नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी २९५ रुपये १३ आणे. नवव्या वर्षी ५०८ रुपये १३ आणे. दामदुपटीच्या नियमाने जे २०० च्या वर जाऊ शकले नसते, ते दोनदा खत फिरवून पाचशेच्या वर गेले. आणि दामदुपट मोडली, असेही कोणाला म्हणता येईना, कारण कागदावर प्रत्येक वेळी ते मुद्दलच होते. कायद्याने मुदत आखूड केली आणि त्यामुळेच कर्ज लवकर फुगले.

पुढे अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, जमीनधारा मात्र चढली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि आसपासच्या गावांत पसरला. या दंग्यांचा विशेष असा, की जमावाला सावकाराच्या घरातले सोनेनाणे तितकेसे नको होते. त्याला खते हवी होती. दस्तऐवज ताब्यात घ्यायचे आणि चव्हाट्यावर जाळायचे, हे दंग्याचे मुख्य काम होते. लिहिलेल्या अक्षराचे भय त्या निरक्षर माणसांना जितके कळले होते, तितके अक्षर शिकवणाऱ्या आम्हा मास्तरांनाही कळलेले नसते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. मुदतीच्या कायद्याने खते फिरवण्याची चाल वाढली, हे आयोगापुढे स्पष्ट झाले. मग १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा आला आणि त्याने मुदत उलट वाढवली: साध्या व्यवहाराला सहा वर्षे, नोंदलेल्या खताला बारा. शिवाय न्यायाधीशाने खताच्या पाठीमागे जाऊन मूळ रक्कम किती होती ते तपासावे, असे सांगितले. मुदत लांबवून ऋणकोचे हित साधते, हे ऐकताना विपरीत वाटते. पण वर्षांचा आकडा हा फसवा असतो. वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची आणि ते घड्याळ पुन्हा मागे फिरवण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हे पाहिल्याशिवाय तीन बरी की बारा बरी, ते सांगता येत नाही.

हा अनुभव फक्त आपला नाही. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात दर सातव्या वर्षी आपल्या बांधवांचे ऋण सोडून द्यावे, अशी आज्ञा आहे. किती उदार आज्ञा! पण सातवे वर्ष जवळ आले की कोणी गरिबाला उसने देईना. तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हिलेल नावाच्या त्यांच्या थोर धर्मगुरूने एक दस्तऐवज काढला. त्यावर सही झाली की ते ऋण न्यायालयाकडे सोपवले गेले असे मानावे आणि सातव्या वर्षी ते बुडू नये. गरिबाला उसने मिळावे म्हणून त्याच्या सुटकेची तारीख ढिली करावी लागली. विसरण्याची सक्ती केली की देणारा हात आखडता घेतो, आणि विसरायचेच नाही असे ठरवले की घेणारा कायमचा गाडला जातो. यांच्या मधला मार्ग शोधणे हेच प्रत्येक काळातल्या कायद्याचे काम होऊन बसले आहे.

आमच्या वऱ्हाडानेही तो मार्ग शोधून पाहिला आहे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव मातीमोल झाले, तेव्हा मध्यप्रांताने १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा केला. त्या सुमारास पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख प्रांताचे मंत्री होते, आणि वऱ्हाडात ‘कर्ज लवाद’ म्हटले की आजही त्यांचेच नाव निघते. कायद्याप्रमाणे मंडळे बसली. धनको आणि ऋणको समोरासमोर येत, बाकी तपासली जाई, रक्कम कमी करून हप्ते बांधले जात. त्या कायद्यातली एक अट मला फार मोलाची वाटते. मंडळाने बोलावल्यावर धनकोने ठरलेल्या मुदतीत आपल्या येण्याचे विवरण दिले नाही, तर ते कर्ज फिटले असे समजावे. तारखेचे बंधन एकट्या कुळावर न ठेवता सावकारावरही घातलेले मी प्रथम तेथे वाचले. सक्तीने कर्ज कमी करणारा कायदा पुढे १९३९ साली आला.

स्वातंत्र्यानंतर सावकाराची जागा हळूहळू सोसायटी आणि बँक यांनी घेतली. हळूहळू म्हणतो ते उगाच नाही. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास भरला होता आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास. पुढे चित्र बदलले. पण खत फिरवण्याची चाल शब्द बदलून राहिलीच. आमच्याकडे मार्चअखेर आली की शेतकरी ‘नवे-जुने’ करतो. कोणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे घ्यायचे, सोसायटीचे जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे, आणि नवे उचलून त्याचे त्याला द्यायचे. कर्ज आहे तेथेच असते. फक्त कागद ताजा होतो.

कर्जमाफ्याही झाल्या. २००८ ची केंद्राची योजना पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण सूट देणारी होती. कोरडवाहू वऱ्हाडात पाच एकरांहून थोडी अधिक जमीन असूनही कंगाल असलेला शेतकरी त्यातून निसटला. राज्याने २०१७ साली दीड लाखापर्यंतची आणि २०१९ साली दोन लाखांपर्यंतची योजना आणली. शरद जोशी यांचा ‘माफी’ या शब्दालाच विरोध होता. माफी गुन्हेगाराला देतात, शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, त्याला मुक्ती द्या, असे ते म्हणत. २०१९ च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आला. शब्दाचा हा वाद पंडिती नाही. देणे गेले तरी गुन्हेगाराची खूण कपाळावर राहते, ही वेदना त्याच्या मुळाशी आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. पतमाहिती कंपन्यांसाठी आपल्याकडे २००५ साली कायदा झाला. त्याखालच्या २००६ च्या नियमांनुसार ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवायची असते. ‘किमान’ हा शब्द नीट वाचावा. अमेरिकेत १९७० साली असाच कायदा झाला. तेथेही आकडा सातच आहे, पण तो कमाल आहे. दिवाळखोरीला दहा वर्षे, बाकी बहुतेक वाईट नोंदींना सात. त्यापुढे त्या अहवालात सर्वसाधारणपणे दाखवता येत नाहीत. शिवाय तेथे मोजणी मूळ हप्ता थकल्याच्या काळापासून होते. धनकोने ते कर्ज दुसऱ्याला विकले म्हणून घड्याळ पुन्हा सुरू होत नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला जे हवे होते ते हेच. आपल्याकडे सात ही जमीन आहे. त्यांच्याकडे सात हे छत आहे.

आणखी एक विसंगती पाहा. साध्या कर्जाच्या फिर्यादीला १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने आपल्याकडे आजही तीनच वर्षे आहेत. ती टळली तर धनकोला न्यायालयात जाता येत नाही, पण कर्ज मेले असे कायदा म्हणत नाही; आणि मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने बाकी कबूल असल्याचे सही करून दिले, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. म्हणजे न्यायाधीश ज्या बाबतीत तिसऱ्या वर्षानंतर बोलू शकत नाही, त्याच बाबतीत अहवाल सात वर्षे बोलत राहू शकतो.

या नोंदी मुळीच ठेवू नयेत, असे मी म्हणणार नाही. जुना सावकार माणूस ओळखून पैसे देई. त्या ओळखीत जात, जमीन आणि लाचारी हेही धरलेले असे. ज्याच्यापाशी गहाण टाकायला काही नाही, पण जो वेळेवर हप्ता भरतो, त्याच्या बाजूने हा कोरडा कागदच साक्ष देतो. तोच कागद चुकीचा असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्कही आहे. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तक्रार केल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढल्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्ज फिटल्यावर बँकेकडून बेबाकीचा दाखला घ्यावा आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्यावा, हे आपण जाणतो. त्याच्या जोडीला आता अहवालही पाहावा. आणि तडजोड करताना सूट किती मिळते एवढेच न विचारता अहवालात शब्द कोणता जाणार, तेही आधी विचारावे. पूर्ण रक्कम भरून ‘बंद’ झालेले खाते आणि सूट घेऊन ‘तडजोडीने मिटवलेले’ खाते यांत पुढल्या कर्जाच्या वेळी मोठे अंतर पडते.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजे पोरीचं शिक्षण झाल्यावर हे पुसल्या जाईन?” त्यांचा हिशेब बरोबर होता. मुलगी अठरा वर्षांची आहे. सात वर्षांनी ती पंचविशीची होईल.

बृहस्पतीने नातवाला व्याज सोडले आणि पणतूला सगळेच सोडले, कारण ज्याने कर्ज काढले नाही त्याच्यावर त्याचे ओझे उतरत जावे, हे त्याला पटले होते. २००५ च्या कायद्याने मुलांना त्या ओझ्यातून पुरते मोकळे केले. आता बापाच्या नावावरची खूण मुलीच्या अर्जाआड येत असेल, तर एका दाराने बाहेर काढलेले धर्मऋण दुसऱ्या दाराने घरात आले, असे म्हणावे लागेल. बँकेने आठवण जरूर ठेवावी. पण ती आठवण कोणत्या दिवशी सुरू झाली आणि कोणत्या दिवशी संपणार, या दोन्ही तारखा त्याच कागदावर, ज्याचे नाव आहे त्याला वाचता येतील अशा अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात. १८६० च्या तहात वऱ्हाड परत करण्याची तारीख लिहिलेली नव्हती. त्या न लिहिलेल्या तारखेची किंमत एका प्रांताने मोजून झाली आहे. ती घरोघरच्या लेकीबाळींनी पुन्हा मोजावी, असे काही कारण नाही.